पुस्तकांची आणेवारी

सखारामजी कानगो पुस्तकाला चांगलं म्हणत नसत आणि वाईटही म्हणत नसत. ते आकडा सांगत, आणि तो आकडा आण्यांत असे.

"नऊ आणे."

"अडीच."

"सव्वाचारची सोय नाही माह्याकडं. चार धर."

ज्यांनी जन्मात कधी शेतसारा भरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक किती आलं हे सरकार आण्यांत मोजतं. सोळा आणे म्हणजे भरून आलेलं शेत. सहाच्या खाली गेलं की गावाला साऱ्यात सूट. हा अंदाज लावायला पटवारी, आणि पटवाऱ्याच्या डोक्यावर कानगो. सखारामजींची सगळी नोकरी देऊळघाटापासून आमच्या बीबी गावापर्यंत दुसऱ्यांच्या वावरात उभं राहून हाच आकडा लावण्यात गेली. सेवानिवृत्त झाले, बीबीत घर होतं तिथं येऊन राहिले आणि वाचनालयाचे चिटणीस झाले. वावरं हातची गेली तेव्हा त्यांनी कादंबऱ्या धरल्या.

वाचनालय म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरची एक खोली आणि पुढं टिनाची पडवी. खोली आबासाहेबांची. आबासाहेब पंचायत समितीचे सभापती. ते खोलीचं भाडं घेत नसत, आणि घेत नाहीत हे कोणाला विसरूही देत नसत. गावात पुस्तकं ठेवायला दुसरी जागा नव्हती. शाळेत वर्गच पुरत नव्हते, आणि देवळाच्या पंचांनी साफ सांगितलं होतं की देवळात कादंबऱ्या नकोत. आबासाहेबांनी खोली काढून घेतली तर वाचनालय रस्त्यावर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सखारामजींना सगळ्यांत जास्त.

पडवीत एक काळा फळा होता. त्यावर सखारामजी दर महिन्याला खडूनं लिहीत: 'चालू हंगामाची आणेवारी'. खाली पुस्तकांची नावं आणि समोर आकडे. लेखकाचं नाव लिहीत नसत. मी कारण विचारलं. म्हणाले, "वावराले आकडा लावताना मालक कोन हाये ते इचारत नसतात बे. इचारलं की आकडा हालते."

मी त्या वर्षांत चळवळीच्या कामासाठी बीबीत मुक्काम ठोकून होतो. महाराष्ट्र नवा होता, आणि नव्या राज्यात जुनेच साहेब जुन्याच खुर्च्यांत बसलेले पाहून आमचं डोकं फिरायचं. पाणी, रस्ता, सारा, जे हाती लागेल त्यावर मी पत्रक काढत असे. सखारामजी मला 'पत्रकवाले' म्हणत. माझ्या पत्रकाला मात्र त्यांनी कधी आकडा दिला नाही. "पत्रकात शेवटी काय होनार ते पहिल्याच ओळीत समजते. त्याची काय आणेवारी लावता!" असं म्हणून ते पत्रकाची घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवीत. भिंगांना ओरखडा पडू नये म्हणून.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. पुस्तक हाती आलं की ते पहिलं पान उघडत नसत. पहिलं प्रकरण म्हणजे त्यांच्या मते रस्त्याच्या कडेचं पीक. साहेबाची जीप तिथूनच जाते हे शेतकऱ्याला माहीत असतं, म्हणून तिथं खत जास्त पडतं. शेवटचं प्रकरणही नको, कारण तिथं लेखकानं सगळा गाळ झाकलेला असतो. ते डोळे मिटून पुस्तकाच्या मधोमध बोट घालीत आणि जे पान उघडेल ते वाचीत. असं तीनदा करीत. नमुन्याला पीक कापताना वावरातला तुकडा असाच निवडतात, आपल्या पसंतीनं निवडत नाहीत. तिन्ही ठिकाणी दाणा दिसला तर मग पुस्तक घरी नेऊन पहिल्यापासून वाचीत. नाही दिसला तरी वाचीतच, पण सुस्कारे टाकीत.

वाचून झाल्या दिवशी आकडा कधी लिहीत नसत. म्हणत, "वावरातून आल्या आल्या आकडा लिहिला की ऊन डोक्यात असते." दुसऱ्या दिवशी सकाळी ते कडुनिंबाच्या काडीनं दात घाशीत आणि तेवढ्यात त्या कादंबरीतल्या बाईचं नाव आठवतं का ते पाहत. आठवलं नाही तर दोन आणे गेले. दोघं भेटले आणि नेमका पाऊस आला, एक आणा गेला. कोणाचं पत्र वेळेवर पोचलं नाही म्हणून शंभर पानं सगळे रडले तर दोन गेले, आणि वर "त्या गावात डाकवाला नव्हता काय बे?" हा प्रश्न. उलट कादंबरीतला माणूस पानापानांतून कधी भाकर खाताना, काही काम करताना, कोणाला हसताना दिसला तर अर्धा आणा चढे. अर्ध्याच्या खाली ते उतरत नसत.

त्या दिवसांत रहस्यकथांच्या मालिका यायच्या. दर महिन्याला एक पुस्तक, तोच गुप्तहेर, तीच त्याची टोपी, खुनी तेवढा नवा. पोरं तुटून पडत. सखारामजी त्याही प्रामाणिकपणे वाचीत. पहिल्या पुस्तकाला त्यांनी एकदा चक्क दहा आणे दिले होते. पण पुढच्या प्रत्येक पुस्तकाला एक आणा आधीच कापून सुरुवात करीत. "एकाच वावरात दरसाल पऱ्हाटी लावून राह्यला. जमिनीनं काय करावं?" मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्यांना ते नुसता नजरअंदाज, म्हणजे उभ्या पिकाचा कच्चा आकडा, देत आणि पुढं कंसात 'पीक उभे' असं लिहीत. पक्का आकडा कापणीनंतर. एका कादंबरीपुढं 'पीक उभे' हे वर्षभर राहिलं आणि ते मासिकच बंद पडलं. तेव्हा त्यांनी ते पुसून लिहिलं: 'गारपीट'.

बाजारातून आणे जाऊन नवे पैसे रुळले होते. शाळेचे हेडमास्तर त्यांना चिडवीत, "सखारामजी, आता शंभरात मोजा. जमाना बदलला."

"शंभरात मोजलं की मानूस खोटं बोलते, गुरुजी."

"ते कसं?"

"त्रेसष्ट आन् चौसष्टमंदला फरक मले सांगा. सांगता येते? नाही ना? मंग एक खोटा आकडा कशाले लिव्हायचा? माह्या नजरेत सोळा खाने बसतात, लय तं त्याचे अर्धे. जास्त बसत नाहीत."

हेडमास्तर हार मानणारे नव्हते. "मूळ गोष्टच चूक आहे तुमची. साहित्य मोजता येत नाही."

"मंग तुम्ही वर्गात पोरांले 'उत्कृष्ट' म्हनता ते काय वजन करून म्हनता?"

"बरं, मग पोथीला किती आणे? बोला!"

पडवीतली सगळी माणसं कान टवकारून बसली. सखारामजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पोथी आणेवारीत धरत नाहीत. ते देवस्थानचं इनाम हाये, त्याले सारा नाही."

घरी मात्र त्यांचं इतकं चालत नसे. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी कादंबऱ्या चुलीपाशी वाचीत आणि मोकळेपणी रडत. एकदा मी चहाला बसलो होतो. काकूंनी पदरानं नाक पुसत पुस्तक मिटलं. सखारामजी म्हणाले, "त्याले चार आणे दिले म्या."

"द्या ना. तुम्ही आकडा लावा, मी रडतो. तुमचं तुमच्यापाशी, माहं माह्यापाशी."

"अवं पन कशाले रडतं? ती पोरगी मरनार हे पंचविसाव्या पानावरच समजते."

"तुमची माय मरनार हे तुम्हाले ठाऊक नोयतं काय? मंग काऊन रडले होते?"

सखारामजींनी बशीतला चहा एका घोटात संपवला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चाराचे पाच झाले होते. पुढं तो नियमच झाला. काकू रडल्या तर एक आणा जास्त. त्याला ते 'घरच्या पंचाचा आणा' म्हणत.

असा सगळा कारभार गमतीत चालला होता. मग आबासाहेबांनी कादंबरी लिहिली.

तीन भागांत येणार होती, पहिला भाग छापून आला. नाव 'सोनबर्डी'. आता सोनबर्डी हे आमच्या शेजारचं खरंखुरं गाव. आबासाहेबांची सासुरवाड. त्यांनी नावासकट गाव कादंबरीत उचललं. त्यात एक तडफदार नायक गावात येतो, विहीर खणवतो, रस्ता आणतो, तंटे मिटवतो आणि दर प्रकरणाअखेर त्याच्या गळ्यात हार पडतो. नायक कोण हे ओळखायला कानगो असण्याची गरज नव्हती. आबासाहेबांनी वाचनालयाला पुस्तकाच्या प्रती फुकट दिल्या, वर पेढे दिले.

सखारामजींनी मधोमध बोट घालून वाचलं, मग पहिल्यापासून वाचलं. काकूंना वाचायला दिलं, त्या रडल्या नाहीत. सकाळी दात घासले. आणि फळ्यावर लिहिलं:

सोनबर्डी — साडेतीन आणे.

झालं ते असं. सोनबर्डीचा नारायण म्हणून एक शेतकरी बाजाराला आला होता. थोडंफार वाचता येणारा तो गावातला एक. त्यानं पडवीतला फळा वाचला. वर 'चालू हंगामाची आणेवारी', खाली गावाचं नाव, समोर साडेतीन आणे. लिहिणारा कोण? कानगोसाहेब. त्या हंगामात सोनबर्डीची ज्वारी खरोखरच बुडाली होती आणि सरकारी आकडा मात्र सात आण्यांचा लागला होता. नारायण बैलगाडी दामटत गावी गेला. साडेतीन म्हणजे सूट! गावात गूळ वाटला. पटवाऱ्याला हार घालायला गेले तर पटवारी घाबरला. आपल्याला न कळवता वरून फेरबदल झाला असावा अशी त्याची समजूत झाली. "हाव, हाव, आलं असंल तसं," म्हणून त्यानं हार घालून घेतला.

दुसऱ्या दिवशी माणसं मेहकरला तहसिलीत गेली. तिथल्या कारकुनानं कागद पाहिले, पटवाऱ्याला बोलावलं, पटवाऱ्यानं बीबीच्या फळ्याचा दाखला दिला. मग कोणीतरी उलगडा केला. कारकून टेबलावर डोकं टेकून हसला. "अरे ते पुस्तक हाये पुस्तक! कादंबरी! कादंबरीले सूट भेटत नसते!"

पोटाचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसांना सरकारी कचेरी हसली. मी त्यावर पत्रक काढलं, त्यातली भाषा इथं परत लिहीत नाही. पण तालुक्यात पत्रकापेक्षा ते हसणं आधी पसरलं, आणि पसरता पसरता त्याचा रोख बदलला. चहाच्या टपरीवर माणसं म्हणू लागली, "आबासाहेबाच्या कादंबरीत दुष्काळ पडला म्हन्ते!"

नारायण आणि त्याच्याबरोबरची दोनचार माणसं परतताना वाचनालयात आली. कोणी आवाज चढवला नाही. नारायण पडवीच्या खांबाला टेकून म्हणाला, "साहेब, कागदाच्या गावाले साडेतीन देले. आमच्या जित्या गावाले किती देता?"

सखारामजी म्हणाले, "माह्याकडं आता अधिकार नाही, नारायण."

"अधिकार नोका सांगू. पाहाले तं या. जवारीचं कणीस हातात धरून पाहा."

"पाहून काय करू? माह्या सहीले आता मोल नाही."

नारायण तिथून माझ्याकडं वळला. "चाला हो पत्रकवाले. यायच्याकडून पुस्तकंच मोजून घ्या."

माणसं गेल्यावर मी सखारामजींना सोडलं नाही. स्पष्ट बोललो. म्हटलं, तुमच्या एका आकड्यावर आमचा मोर्चा उभा राहिला असता. सेवानिवृत्त कानगो म्हणतो सात नाही, चार, एवढं एक वाक्य पत्रकात हवं होतं. कादंबरीतल्या खोट्या विहिरीसाठी तुम्ही रात्री जागता आणि खऱ्या ज्वारीसाठी तुमचा पाय उचलत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. फळ्यापाशी गेले आणि 'सोनबर्डी'च्या पुढं कंसात 'कादंबरी' एवढा शब्द वाढवला.

आबासाहेब दोन दिवसांनी आले. एकटे आले, आणि मी तिथंच बसलो होतो तरी त्यांनी मला जा म्हटलं नाही. माणूस दांडगाई करणारा नव्हता. बाकावर बसले, फळ्याकडं पाहत राहिले.

"कानगोसाहेब, तालुका हसून राह्यला माह्यावर."

"माह्यावरही हसून राह्यला."

"तुमचं काय, तुम्ही आकडा लावून मोकळे. मी दोन वर्ष पहाटे उठून लिहिलं ते. बारा म्हनत नाही मी. आठ लिव्हा. आठ म्हंजे काय, अर्धं."

"आठ नाही होत, आबासाहेब."

"सात?"

सखारामजींनी नकारार्थी मान हलवली.

"सहा तरी! सहाच्या खाली म्हंजे सरकारी दुष्काळ. माह्या पुस्तकाले दुष्काळ म्हनता तुम्ही?" आवाजात राग होता, पण त्याहून जास्त काहीतरी दुखावलेलं होतं. मग एकदम म्हणाले, "बरं, कुठं बुडालं ते तं सांगा."

सखारामजी सावरून बसले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणा लेखकानं विचारला नव्हता. "तुमच्या गावात येवढी मानसं हायेत, पन बाई एकही बोलत नाही. एक शब्द नाही. विहिरीले पानी लागलं, नायकाले हार घातला. विहीर खनली कोनं? त्याचं नाव काय? तो दुपारी काय जेवला? मले सकाळी एकही आठवला नाही, आबासाहेब. हार तेवढे आठवले."

आबासाहेब उठले. धोतराचा सोगा हातात घेऊन पायरीवर थांबले. "फळा राहीन तं खोली राहनार नाही. आकडा बदला नाही तं खोली खाली करा. महिन्याच्या अखेरपर्यंत."

"फळा पुसतो म्या. कोनाले त्रास नको. पन कोनी तोंडी इचारलं तं साडेतीनच सांगीन."

"मंग खोली खाली करा."

ते गेले. मी म्हटलं, "सखारामजी, तीन पेट्या पुस्तकं आहेत. पोरं कुठं वाचणार? एका खोट्या आकड्यानं वाचनालय वाचत असेल तर लिहा ना सहा. ज्वारीसाठी तुम्हाला अधिकार लागतो, आणि इथं एवढा ताठा कशाचा?"

तेव्हा ते जे बोलले तेवढंच त्यांच्याबद्दल मला पक्कं ठाऊक आहे असं म्हणता येईल. खडूनं पांढरी झालेली बोटं धोतराला पुसत ते म्हणाले:

"नोकरीत माही आणेवारी माही नोयती, बे. म्या दिवसभर वावरात उभं राहून पाच काढायचे. साहेब कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं सात लिव्हायचा. म्या त्याच्यावर शाई फिरवायचो. जिंदगीभर शाई फिरवली. नारायणाच्या गावालेही फिरवली हाये, आता कोन्या तोंडानं जाऊ तिथं? ह्या पुस्तकाच्या आकड्यावर मात्र कोनाची पेन्सिल नाही. येवढेच सोळा आणे माहे."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही सगळं पटत नाही. ज्या माणसानं गावंच्या गावं कोऱ्या चेहऱ्यानं सरकारच्या घशात घातली, त्यानं म्हातारपणी कादंबऱ्यांपुढं इमान दाखवावं यात मला काही थोर दिसत नव्हतं. सोनबर्डीचा मोर्चा आम्ही त्यांच्या सहीविनाच काढला.

महिना संपला. पुस्तकांच्या पेट्या सखारामजींच्या घरी ओसरीवर गेल्या. खोलीत पंचायत समितीची बियाण्यांची पोती आली. लोक पुस्तकं मागायला काकूंकडं जात. काकू कादंबरी देताना न विचारता सांगत, "हे घ्या, मी रडली यात," आणि तीच शिफारस गावात चालू लागली. फळा घरात भिंतीशी उभा होता, कोरा. सखारामजी बाजारात कमी दिसत. भेटले तर जास्त बोलत नसत. पोरं लांबून "किती आणे, साहेब?" ओरडत. ते हात वर करत, म्हणजे आकडा नाही.

वर्ष दीड वर्षानं चळवळीनं मला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेलो. सखारामजी ओसरीवर बसले होते आणि मांडीवर पुस्तक उघडं होतं. नवं कोरं. कव्हर पाहिलं आणि माझा विश्वास बसेना. 'सोनबर्डी', भाग दुसरा.

"हे कुठून आलं?"

"इकत आनलं. चिखलीच्या दुकानातून."

"त्या माणसाचं पुस्तक तुम्ही पैसे देऊन आणता? खोली काढून घेतली त्यानं!"

"खोली त्यानं काढली. पुस्तकानं काय केलं?"

मी बरंच काही बोललो असेन. ते ऐकत नव्हते. एक पान त्यांनी बोटानं धरून ठेवलं होतं. "हे ऐक. विहिरीपाशी एक बाई हाये. तिचा मानूस खनता खनता दबून मेला. नायक हार घालून येते, आन् ती म्हनते, तुमचा हार बादलीले बांधा, पानी तरी येईन. तीन पानं बोलते ती. कोनी मधात तोंड घालत नाही. नायकही नाही." त्यांनी चष्मा वर केला. "सुंदराबाई नाव हाये तिचं. परवा वाचलं, आज सकाळी दात घासताना आठवलं. कालही आठवलं होतं."

"मग? किती?"

"तुले नाही सांगत. ज्याचं वावर त्याले आधी."

ते उठले. काकूंनी आतून विचारलं, "कुठं निघाले?" त्यांनी टोपी घातली, पुस्तक काखेत धरलं, त्या पानात बोट तसंच ठेवून. मला वाटलं, ओसरीवरून खाली उतरून परसाकडं जातील. ते रस्त्याला लागले. मी गाठोडं घेऊन मागं मागं चाललो, माझी एस.टी. त्याच रस्त्यावर थांबायची होती. बियाण्यांच्या पोत्यांनी भरलेली खोली आली, त्यांनी तिकडं पाहिलं नाही. आबासाहेबांच्या बंगल्याचं फाटक उघडंच होतं.

"सखारामजी, जाऊ नका," मी म्हटलं. "अपमान करतील."

त्यांनी वळून पाहिलं नाही. पायऱ्या ते सावकाश चढत होते, एक हात गुडघ्यावर, दुसरा पुस्तकावर. व्हरांड्यात आबासाहेब माणसांच्या गराड्यात बसले होते. एकानं सखारामजींना पाहून आबासाहेबांना खुणावलं. बोलणं थांबलं.

आबासाहेबांनी 'या' म्हटलं नाही की 'कशाला आलात' म्हटलं नाही. ते उभे राहिले. माणसांना बाजूला सारून पुढं आले, आणि सखारामजी अजून शेवटच्या पायरीवर धाप टाकत होते तोच त्यांनी विचारलं, "किती?"